पोटांतली गोष्ट

पोटाविषयीं मराठी भाषेनें जितकी माया दाखविली आहे, तितकी हृदयाविषयींहि क्वचितच दाखविली असेल. आपण मुलाला पोटचा म्हणतों, रडणाऱ्याला पोटाशीं धरतों, दुसऱ्याचा अपराध पोटांत घालतों, कोणाचें दुःख पाहिलें म्हणजे आपल्या पोटांत कालवतें, आणि जी गोष्ट चारचौघांत बोलावयाची नसते ती पोटांत ठेवितों. ह्या शेवटच्या उपयोगाचा अनुभव मीं गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून मार्गशीर्ष उजाडेपर्यंत घेतला. गोष्ट पोटाचीच होती, आणि ती मीं पोटांतच ठेविली होती. वजन कमी व्हावें म्हणून स्वतःच्या जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग शस्त्रक्रियेनें काढून टाकण्याचें मीं ठरविलें होतें, आणि तें घरांत कोणाला कसें सांगावें हें मला सुचत नव्हतें.

मजविषयीं वाचकांना थोडें सांगितलें पाहिजे. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयांत गेलीं पंचवीस-सव्वीस वर्षें इंग्रजी शिकवितों. उंची पांच फूट सहा इंच, वय त्रेपन्नाव्या वर्षांत, आणि वजन, गेल्या श्रावणांत कांट्यावर उभा राहिलों तेव्हां, ११८ किलो. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ वर्गांत शिकवावयाचा असला म्हणजे त्याच्या देहाचें वर्णन वाचून दाखविण्याची मला फारशी गरज पडत नाहीं; मुलें माझ्याकडे पाहून गालांतल्या गालांत हंसतात, आणि मीहि हंसतों. लठ्ठ माणसानें स्वतःला आधीं हंसावें हा नियम मीं फार पूर्वींच शिकून घेतला आहे. त्यामुळें दुसऱ्यांचें हंसणें बोंचत नाहीं; निदान बोंचलेलें दिसत नाहीं. एस्. टी.च्या बाकावर मी बसलों कीं शेजारचा मनुष्य पुढच्याच थांब्यावर दुसरी जागा शोधूं लागतो. बुटाची नाडी बांधणें मीं सोडून दिलें, तेव्हां माझ्या सहकाऱ्यांना वाटलें कीं मला कोल्हापुरी चपलांचा शौक लागला.

परंतु हंसण्यावारीं नेण्यासारख्या गोष्टी येथेंच संपतात. अकरा वर्षें मला मधुमेह आहे, आणि त्यांपैकीं शेवटचीं चार वर्षें मी रोज दोनदां इन्सुलिन टोंचून घेत आहें. रात्रीं झोंपेंत माझा श्वास मध्येंच थांबतो, आणि मग घशांत मोठा आवाज होऊन पुन्हां सुरू होतो. ह्या थांबण्याच्या वेळीं माझी पत्नी जागी होऊन क्षण मोजीत बसे, हें मला फार उशिरां कळलें. आतां नाकावर यंत्राचा मुखवटा बांधून निजतों. आणि उपाय केले नाहींत असें कोणीं समजूं नये. पहाटेचें फिरणें झालें, गव्हाची पोळी सोडून झाली, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनीं सांगितलेला आणि पुढें डॉ. जगन्नाथ दीक्षितांनीं महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचविलेला, दिवसांतून दोनदांच जेवण्याचा नियमहि मीं माझ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं वर्षभर पाळला. त्या वर्षीं चौदा किलो उतरले. पुढें माझा नियम ढिला पडला, आणि दीड वर्षांत ते चौदाचे सतरा होऊन परत आले. सासरीं एकटी गेलेली मुलगी लेंकुरवाळी होऊन माहेरीं यावी तसे.

नागपूरच्या ज्या शल्यविशारदांकडे मला धाडण्यांत आलें, त्यांनीं माझें सर्व बोलणें ऐकून घेतलें आणि मग एका कागदावर जठराचें चित्र काढलें. एका बाजूनें फुगलेली ती पिशवी भरताच्या वांग्यासारखी दिसत होती. तिच्यावर वरून खालीं एक रेघ ओढून ते म्हणाले, "रेघेच्या ह्या बाजूचें सारें काढावयाचें, त्या बाजूची केळ्याएवढी नळी ठेवावयाची." पोट उघडावें लागत नाहीं. चार-पांच लहान छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारें आंत जातात, आणि कापणें व टांचणें एकाच यंत्रानें होतें. मीं विचारलें, "पिशवी लहान केली म्हणजे भूकहि लहान होते काय?" तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें मला फार नवें होतें. १९९९ सालीं जपानी संशोधकांना जठरांत तयार होणारें एक द्रव्य सांपडलें. त्यास घ्रेलिन म्हणतात. तें रक्तावाटे मेंदूला भुकेचा निरोप पोंचवितें, आणि जठराचा जो फुगीर भाग काढून टाकतात त्यांतच तें मुख्यतः तयार होतें. म्हणजे कोठाराबरोबर मागणीपत्रें लिहिणारा कारकूनहि निघून जातो. उपास करून वजन उतरविलें कीं हा कारकून अधिकच जोमानें लिहूं लागतो, आणि शरीर गमावलेलें वजन परत मिळविण्यासाठीं धडपडतें. हें ऐकून मला विलक्षण हलकें वाटलें. वीस वर्षें ज्याला मी माझा अधाशीपणा समजत आलों होतों, त्यांतला निदान कांहीं वांटा त्या कारकुनाचा होता.

डॉक्टरांनीं कांहीं लपविलें नाहीं. टांचलेल्या जागेंतून गळती होऊं शकते, रक्तस्राव होऊं शकतो. अनुभवी हातींहि हजारांत एखादा दगावतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. खाण्यांत बेफिकिरी झाली तर वजन कांहीं अंशीं परतहि येतें. माझ्यासारखा जुना मधुमेह समूळ जाईल असें वचन देतां येत नाहीं. तो नरमेल आणि इन्सुलिन सुटेल अशी आशा मात्र धरतां येते. आठवड्यास एकदां टोंचावयाचीं नवीं औषधें २०२५ सालीं आपल्याकडे आलीं; त्यांचाहि विचार झाला. परंतु तीं बंद केलीं कीं बहुतेकांचें वजन पुन्हां वाढूं लागतें, आणि माझीं दुखणीं पाहतां त्यांनीं शस्त्रक्रियेकडेच कौल दिला. "पंधरा दिवस विचार करा," ते म्हणाले, "आणि घरीं बोला." विचार मीं परतीच्या प्रवासांतच पुरा केला. घरीं बोलणें मात्र राहिलें.

हृदयाचें किंवा मूत्रपिंडाचें दुखणें असतें तर तें मीं त्याच रात्रीं सांगितलें असतें. अशा दुखण्याला घर हळहळतें, शेजारी विचारपूस करतात, कोणी नवस बोलतो. लठ्ठपणा हें दुखणें आहे असें आपल्याकडे मनापासून कोणीच मानीत नाहीं. त्याचें औषध प्रत्येकाला ठाऊक असतें, आणि तें दोन शब्दांचें असतें: कमी खा. त्या दोन शब्दांना जो वीस वर्षें पुरा पडला नाहीं, त्यानें उठून शस्त्रवैद्याच्या दारीं जावें, ह्यांत एक प्रकारची शरणागति आहे. मी काय करणार आहें हें सांगावयाचें म्हणजे मला काय करतां आलें नाहीं हेंहि सांगावयाचें. माझ्या जिभेला पडलेली पहिली गांठ ही होती. दुसरी याहून कठीण होती. ती कोणती, हें पत्नीशीं बोलेपर्यंत मला समजलें नाहीं.

पत्नीला मीं एका रविवारीं दुपारीं सांगितलें. ती गवारीच्या शेंगा मोडीत होती. तिनें ताट बाजूला सारलें, आणि बऱ्याच वेळानें विचारलें, "म्हणजे माझ्या हातचें आतां तुम्हांला नकोसें झालें का?" मी निराळ्याच तयारीनें बसलों होतों. गळतीचें प्रमाण, खर्च, रजेचे दिवस, सारें मीं पाठ केलें होतें. ह्या प्रश्नाचें उत्तर मात्र मजजवळ नव्हतें. पंचवीसाहून अधिक वर्षें तिनें मला वाढलें आहे. आरंभीं तूप सोडून वाढलें, मधुमेह आल्यावर तूप चुकवून वाढलें, आणि दोन्ही वेळां तिचा जीव त्या ताटांत गुंतलेला होता. त्या वाढण्याला जागाच उरूं नये अशी व्यवस्था मी परस्पर ठरवून आलों होतों. दोन दिवस ती माझ्याशीं कामापुरतीच बोलली. तिसऱ्या दिवशीं माझ्या टेबलावर एक वही होती, आणि तींत डॉक्टरांना विचारावयाचे अकरा प्रश्न क्रमवार लिहिलेले होते. पहिला प्रश्न असा: "ह्यांचा झोंपेंतला श्वास थांबणें बंद होईल का?" तो विचारण्याचें मला सुचलेंच नव्हतें. तो थांबतो तेव्हां मी झोंपेंत असतों. जागी ती असते.

मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला फोनवर सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "बाबा, हें तुम्हीं पांच वर्षांपूर्वीं करायला हवें होतें." मग फोन पुष्कळ वेळ मुका झाला, आणि नंतर ती नाक ओढीत म्हणाली, "आजीला कोण सांगणार?"

आजी, म्हणजे माझी आई, आसेगांवला राहते. हें गांव वाशीम जिल्ह्यांत, मंगरूळपीर तालुक्यांत आहे. वाशीम अकोल्यापासून वेगळें होऊन १९९८ सालीं स्वतंत्र जिल्हा झाला. आईच्या बोलण्यांत मात्र आमचा जिल्हा अजून अकोलाच आहे. थोरले बंधु, म्हणजे आमचे दादा, घरची कोरडवाहू शेती पाहतात. मी पंधरा-सोळाव्या वर्षीं शिक्षणासाठीं गांव सोडलें, आणि तेव्हांपासून मी गांवीं जातों तो जेवावयालाच जातों, असें म्हटलें तरी चालेल. आईचा आणि माझा सगळा संवाद अन्नाच्या भाषेंत झाला आहे. फोनवरचा तिचा पहिला प्रश्न "जेवला काय?" हा असतो. पुष्कळदां तोच शेवटचाहि असतो, कारण त्याचें उत्तर मिळालें कीं तिला माझ्याविषयीं सर्व कांहीं समजलेलें असतें. दर खेपेला मी कालच्यापेक्षां थोडा अधिक रुंद होऊन दारांत उभा राहीं, आणि तिचा चेहरा खुले. शहरांतले डॉक्टर ज्याला रोग म्हणत, त्याला ती "अंग धरलं" असें म्हणे.

"आईंना फोनवर सांगूं नका," पत्नी म्हणाली. म्हणून मार्गशीर्षांत एका शनिवारीं आम्ही दोघें कारंजा, मंगरूळपीर अशा गाड्या बदलीत आसेगांवला पोंचलों. सोयाबीन निघून गेलें होतें. तुरी पिवळ्या फुलांतून शेंगांत येत होत्या. आणि माझें दैव असें, कीं नेमकें त्याच दिवशीं दादांनीं शेतांतल्या मारुतीपुढें रोडग्यांचें जेवण ठेविलें होतें.

ज्यांनीं वऱ्हाडांतले रोडगे खाल्ले नाहींत त्यांना त्यांची कल्पना देणें कठीण आहे. गव्हाच्या जाडसर पिठाचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरांत भाजतात, वरची राख झाडून ते फोडतात, आणि त्यांवर तूप ओततात. सोबत तुरीचें वरण आणि रानांतच शिजविलेली, डोळ्यांतून पाणी काढणारी वांग्याची भाजी असते. जेवणारे पंगतीनें मातींत बसतात, आणि वाढणाऱ्याला नकार ऐकूं येत नाहीं. माझ्या पत्रावळीकडे तर वाढणारे वाट वांकडी करून येत. "मास्तर मोठा गडी हाय, याले एकानं काय होते?" असें म्हणून एका वृद्ध शेजाऱ्यानें तिसरा रोडगा ठेविला, आणि पलीकडे झाडाखालीं बसलेल्या आईनें अभिमानानें सर्वांना ऐकूं जाईल असें म्हटलें, "माया लेक पहिल्यापासूनच जेवनारा हाय!" तिसरा रोडगा मीं तसाच ठेवून उठलों. हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, दादांच्या आलें.

हात धुवावयाला विहिरीकडे गेलों असतां ते मागोमाग आले. त्यांना सांगणें मला सोपें गेलें, कारण ते तोंडाकडे न पाहतां तुरीच्या शेंगा सोलीत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "ते मुंबईले आनली होती, ते बाई त मेली ना बे!" २०१७ सालीं इजिप्तहून मुंबईला आणलेल्या इमान अहमदची गोष्ट दूरचित्रवाणीनें आमच्या खेड्यांतहि पोंचविली होती. तिचें वजन पांचशें किलोंच्या घरांत होतें असें सांगत. मार्चमध्यें मुंबईंत तिच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली, पुढें तिला अबु धाबीला नेलें, आणि सप्टेंबरांत ती तेथें वारली. मीं दादांना सांगितलें कीं तिची अवस्था निराळी होती; कित्येक वर्षें ती अंथरुणाला खिळलेली होती, आणि तिच्या देहांत हृदयापासून मूत्रपिंडापर्यंत अनेक दुखणीं जमलीं होतीं. त्यांनीं आणखी चार शेंगा सोलल्या. मग आपणच म्हणाले, "पन गडकरीसाहेबानं त केलं होतं." तेंहि खरें होतें. नागपूरचे नितीन गडकरी यांनीं २०११ सालीं, भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असतांना, मुंबईंत अशी शस्त्रक्रिया करवून घेतली होती, आणि विदर्भांत ती बातमी पारापारावर चर्चिली गेली होती. "ते त हिंडते फिरते सगळीकडं," दादा म्हणाले, आणि माझ्या हातावर सोललेले दाणे ठेविले. "पन आईले तू सांग. मी नाई सांगत."

रात्रीं निजानीज झाल्यावर मी ओसरींत आईच्या बाजेपाशीं बसलों. ती पंचाहत्तरीच्या आसपास आहे; चाळीस किलोंहूनहि कमी भरेल. इतकी लहान बाई इतक्या मोठ्या मुलाची आई आहे हें पाहून पाहुण्यांना नेहमीं गंमत वाटते. मीं शक्य तितकें सोपें करून सांगितलें. साखरेचा आजार, श्वासाचें यंत्र, नागपूरचे डॉक्टर, लहान छिद्रें. ती मध्यें एक शब्दहि बोलली नाहीं. शेवटीं तिनें विचारलें, "म्हंजे कोठाच काढतेत काय?"

"सारा नाहीं. थोडा ठेवतात."

अंधारांत तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पुष्कळ वेळानें ती म्हणाली, "म्या तुले जास्त चारलं काय रे?"

पत्नीनें विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न एकच होता. जिभेची दुसरी गांठ म्हणतों ती हीच. ज्यांनीं आपल्याला प्रेमानें भरविलें, त्यांच्यापुढें जाऊन "तें आतां काढून टाकणार आहें" असें सांगणें, हें कितीहि मृदु शब्दांत केलें तरी फिर्यादीसारखें ऐकूं येतें. मी कांहीं बोलण्यापूर्वींच तिनें आपली कैफियत सांगावयास आरंभ केला.

"तू पोटात होता तवा म्या खडी फोडाले जात होती. लाल मिलो भेटे, तिच्या भाकरी. कामावर सुकडी देत, ते तुया दादाले घरी आनो. सातवा सरेपर्यंत गेली म्या. तू झाला त मुठीएवढा. सुईन म्हने, हे काई जगत नाई. म्या म्हनलं, जगलं त याले कधी उपाशी नाई ठेवीन."

तें साल १९७३. त्यापूर्वींच्या पावसाळ्यानें दगा दिला होता, आणि महाराष्ट्रभर सरकारनें काढलेल्या दुष्काळी कामांवर १९७३च्या उन्हाळ्यांत जवळजवळ पन्नास लाख माणसें राबत होतीं. परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वांटली जाणारी सुकडी ह्यांच्या आठवणी त्या पिढीच्या प्रत्येक घरांत आहेत. आमच्या घरांतल्या मीं आजवर ऐकल्या नव्हत्या. आईनें दुष्काळ सांगितला होता, पण त्या खडीच्या ढिगावर मीहि होतों हें तिनें कधीं सांगितलें नव्हतें. पन्नास वर्षें तिनेंहि एक गोष्ट पोटांत ठेविली होती.

आणि ती ऐकतांच मला दुसरें कांहीं आठवलें. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाविषयीं मीं माझा मधुमेह नवा असतांना वाचलें होतें. १९९३ सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा व त्यांच्या गरोदरपणाचा अभ्यास सुरू केला. शेतांत राबणाऱ्या त्या बायांच्या मुलांचें जन्मवजन सरासरीनें २.७ किलो भरलें. इंग्लंडांत साउदॅम्प्टनच्या मुलांचें ३.५ किलो होतें. आमचीं मुलें मांसानें आणि हाडापेरानें बरींच उणीं होतीं, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनीं त्या मानानें राखून धरली होती. ह्याच याज्ञिकांचें त्यांचे इंग्रज मित्र डॉ. यूडकिन यांच्यासह काढलेलें एक छायाचित्र २००४ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, दोघांचा निर्देशांक २२.३, पण चरबी इंग्रजाच्या अंगांत शेंकडा ९.१ आणि आपल्या माणसाच्या अंगांत शेंकडा २१.२. गर्भांत ज्याला टंचाई भोगावी लागते तें शरीर टंचाईच्या हिशोबानेंच घडतें, आणि पुढें सुबत्ता आली कीं तोच हिशोब त्याला भोंवतो, असा ह्या विचाराचा थोडक्यांत आशय आहे.

मी त्या अंधारांत बसून हा हिशोब जुळवीत होतों. समूहाचा नियम एकट्यादुकट्याला लावतां येत नाहीं, आणि माझी साखर त्या खडीच्या ढिगावर सुरू झाली असें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. माझ्या तुपाच्या आणि श्रीखंडाच्या वर्षांचा जाब मलाच द्यावा लागेल. तरी पण एक गोष्ट माझ्या मनांत स्वच्छ झाली. आईनें मला दोनदां वाढविलें: एकदां अन्न नसतांना, आणि एकदां अन्न मिळाल्यावर. माझें शरीर पहिल्या वेळची आठवण धरून बसलें असेल, तर आईहि तीच आठवण धरून बसली होती. आम्ही दोघेंहि अजून १९७३चाच हिशोब फेडीत होतों.

हें तिला सांगावें असें क्षणभर मनांत आलें. "जास्त चारलें" हा आरोप तेवढ्यानें पुसला गेला असता. पण त्याच्या जागीं "पुरेसें चारतां आलें नाहीं" हा दुसरा, त्याहून क्रूर आरोप उभा राहिला असता, आणि तो तिनें मरेपर्यंत वागविला असता. म्हणून एक गोष्ट सांगावयाला गेलेला मी दुसरी एक पोटांत घालून परत आलों. हा लेख ती वाचणार नाहीं. तिला अक्षरओळख नाहीं, आणि तिला तो कोणी वाचून दाखवूं नये अशी मीं घरांत ताकीद दिली आहे.

मीं तिला एवढेंच म्हटलें, "आई, तूं चारलेंस म्हणून मी जगलों. आतां आणखी जगावयाचें आहे, म्हणून थोडें काढून घेतों."

ती उठून बसली. तिचा पुढचा प्रश्न अगदीं व्यवहाराचा होता. "मंग जेवशीन किती?"

डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें मीं हाताचा खळगा करून दाखविला: आरंभीं इतकें, आणि पुढेंहि फार तर एक वाटी. तिनें माझा हात चांचपून त्या खळग्याचा अंदाज घेतला, आणि ती एकदम हंसली. "एवढं त तू बारशाच्या आधीच पेत होता!" मग लगेच गंभीर होऊन म्हणाली, "एवढं एवढं कोन वाढन तुले? सूनबाईची नोकरी. मी येईन." आणि थोड्या वेळानें, झोंपण्यापूर्वीं, "पन पौषात नको करू."

पौष टळला. शस्त्रक्रियेचा दिवस माघांत ठरला आहे. आसेगांवांत ही गोष्ट आतां सर्वांना ठाऊक झाली आहे, कारण आईनें ती पोटांत ठेवली नाहीं. "माया लेकाचं नागपूरले आपरेशन हाय," असें ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि तिच्या स्वरांत आतां कबुलीही नाहीं व लाजही नाहीं, असें दादा म्हणतात. गांवाकडून मला उपायांचे निरोप येत असतात. एकानें मेथीचें पाणी सुचविलें आहे, एकानें पांच सोमवार. शेताजवळच्या त्या वृद्ध शेजाऱ्यानें तर विचारलें म्हणे, "मास्तरचा तिसरा रोडगा तवाच कामून राह्यला ते आता समजलं."

यकृत आकसावें म्हणून शस्त्रक्रियेपूर्वींचे पंधरा दिवस पातळ पदार्थांवरच काढावे लागतात. ते सध्यां चालू आहेत. हा लेखहि मी ताकाचा पेला शेजारीं ठेवूनच लिहीत आहें. पहिल्या रात्रीं नेहमींच्या वेळीं आईचा फोन आला. "जेव..." एवढें म्हणून ती थांबली. पन्नास वर्षांचा प्रश्न तिला गिळावा लागला, आणि त्याच्या जागीं दुसरा शोधण्यांत तिचा थोडा वेळ गेला. मग तिनें विचारलें, "काय पेला आज?"

वऱ्हाडांत रात्रीं नऊ वाजतां असा प्रश्न कोणीं कोणाला विचारला तर त्याचा अर्थ एकच होतो. फोनच्या पलीकडून दादा मोठ्यानें हंसल्याचें मला ऐकूं आलें, आणि आई त्यांच्यावर रागावल्याचेंहि. मीं तिला सविस्तर उत्तर दिलें: सकाळीं ताक, दुपारीं वरणाचें पाणी, संध्याकाळीं दूध. तिनें तें एकेक करून परत म्हणून घेतलें, आणि "वरनाच्या पान्यात जिरं टाकत जा" असें सांगून फोन ठेविला. तेव्हांपासून ती रोज हाच प्रश्न विचारते, आणि मी रोज त्याचें उत्तर देतों.